तिसरा बदल

नाशिकमधल्या द्वारकेच्या चौकात पंक्चरवाला झिपरू स्कूटरची ट्यूब पाण्याच्या घमेल्यात दाबत म्हणाला, "तुमचं काय चुकलं, सर? त्या दीपकनं घात केला," आणि लहानू विधातेनं मान डोलावली. फार नाही, जेमतेम. उन्हानं डोळे बारीक करताना हलावी इतकीच. पण हलली. झिपरूचं लक्ष बुडबुड्यांवर होतं, तरी त्याला ती दिसली असावी, कारण त्याला एकदम हुरूप आला. "पायच उचलत नव्हता ओ तो. आम्ही सगळे हितंच बसून बघत होतो, शेजारच्या दुकानातनं टीव्ही बाहेर काढलेला. तो गडी ह्याच्या बाजूनं निघून गेला, न् हा वळला बी नाय. लय शिव्या घातल्या आम्ही. अंबडचा पोरगा म्हणून आधी पेढे वाटलेले, तेच चुकलं. तुम्ही बिलकुल सोडू नका जागा. त्याला काढा." मालेगावकडून आलेला एक ट्रक वळायला जागा मागत होता, रिक्षावाले त्याला देत नव्हते, आणि त्या सगळ्या कोलाहलात आपल्या मानेत काहीतरी चुकीचं झाल्यासारखं लहानूला वाटत राहिलं. अवघडल्यासारखं. त्यानं हात मागे नेऊन मान दाबली. झिपरू पैसे घ्यायला तयार नव्हता. लहानूनं नोट घमेल्याशेजारच्या पान्याखाली ठेवली आणि स्कूटरला किक मारली.

तो देशाच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक होता. अजून होता. तीन आठवड्यांपूर्वी पश्चिम आशियातल्या एका शहरात पात्रता स्पर्धेत संघ गारद झाला, आणि तेव्हापासून रोज कुठल्या ना कुठल्या पेपरात एकच प्रश्न छापून येत होता: विधाते राहावेत की जावेत? एरवी फुटबॉलसाठी चार ओळी न देणाऱ्या पेपरांनी आता वाचकांकडून पत्रं मागवली होती. विमानतळावर उतरल्या उतरल्या एका वार्ताहरानं तोंडापुढे माइक धरला तेव्हा तो म्हणाला होता, "मी राजीनामा देणार नाही. तशी वेळ पुन्हा आली तर पुन्हा तेच करीन." हे वाक्य त्यानं आधी ठरवलेलं नव्हतं, पण एकदा तोंडून गेल्यावर ते त्याला इतकं आवडलं की गेले तीन आठवडे तो त्याच्या आधारानं चालत होता. सकाळी दाढी करताना तो ते आरशात म्हणायचा. सुवर्णा, त्याची बायको, ऐकून न ऐकल्यासारखं करायची. बायकांच्या भिशीत, दूधवाल्यापाशी, शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत तिलाही तोच प्रश्न विचारला जात होता, आणि ती म्हणायची, त्यांनाच विचारा. आज सकाळी फेडरेशनच्या उपाध्यक्षांचा, रणदिव्यांचा, फोन आला. ते तीन दिवसांच्या पूजेसाठी त्र्यंबकेश्वरला आलेत, भेटून जा म्हणाले. कमिटीची बैठक आठवड्यावर आली होती. त्र्यंबकला निघाल्यावर दोनशे पावलांवर चाक बसलं आणि झिपरू भेटला.

सातपूर मागे पडेपर्यंत तो स्वतःशी भांडत होता. मान हलली म्हणजे काय झालं? पंक्चरवाल्याशी वाद घालत बसायचं का? पण ज्या माणसानं आख्ख्या देशाच्या पेपरांपुढे मान झुकवली नाही, त्यानं पाण्याच्या घमेल्यापुढे ती हलवली होती, आणि तीही दीपकच्या नावावर. दीपकला तो चौदा वर्षांचा असल्यापासून ओळखत होता. अंबडच्या कारखान्यांमागे, जिथे लोखंडाचा चुरा आणून टाकतात, तिथल्या मोकळ्या पट्ट्यात हा पोरगा अनवाणी खेळायचा, आणि कुणीही अंगावर आलं तरी मागे सरकायचा नाही. बचावफळीच्या मधोमध उभं राहणाऱ्याला हेच लागतं. बाकी सगळं शिकवता येतं. लहानूनं ते शिकवलं, आणि पाच वर्षांनी देशाच्या संघात घेतलं तेव्हा नाशिकचा म्हणून घेतला अशी कुजबुज झाली, तिला त्यानं भीक घातली नाही.

अंजनेरीचा डोंगर डाव्या हाताला दिसू लागला. ऊन रस्त्यावर पातळ पाण्यासारखं हलत होतं, आणि त्या हलण्यातच त्याला पुन्हा ते मैदान दिसलं, नको असताना. गटातले तीन सामने. पहिला हरलो, दुसरा जिंकलो, तिसरा यजमानांशी. बरोबरी झाली असती तरी पुढची फेरी मिळत होती. अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला एक-एक होतं. सामन्यात तीनच खेळाडू बदलता येतात, दोन बदलून झाले होते, एक बदल हातात होता. सगळं जग सांगत होतं की आता एक बचावपटू आत घाल, सगळे मागे ओढ, बॉल प्रेक्षकांत मारत बस, बारा मिनिटं काढ. आणि लहानूला दिसला तो यजमानांचा डावा बचावपटू. कमरेवर हात ठेवून उभा. बुटाची नाडी बांधायला वाकला, बांधून झाली तरी वाकलेलाच राहिला. हा संपला, लहानूनं ओळखलं. त्यानं राजला, आपल्या सर्वांत वेगवान पोराला, उभं केलं. राज आत गेला आणि चौथ्याच मिनिटाला त्या दमलेल्या माणसाला मागे टाकून, गोलकीपरलाही चकवून त्यानं बॉल मारला. खांबाला लागला. तो आवाज लहानूला अजून ऐकू यायचा, रिकाम्या पिंपावर दगड मारावा तसा. परत आलेला बॉल यजमानांनी लांब फेकला, आपले सगळे पुढे गेलेले, मागे एकटा दीपक, आणि दीपक वळला नाही. एक-दोन. खेळ खलास.

चढाई केली हेच चुकलं, असं पेपर म्हणत होते. त्यावर लहानू छातीठोकपणे सांगत होता, नाही चुकलं. खांब तीन इंच पलीकडे असता तर तुम्हीच माझी मिरवणूक काढली असती. खेळ जिंकायला खेळतात. आणि हे खरंच होतं, याबद्दल त्याच्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि आताही नव्हती. पण झिपरू चढाईबद्दल बोललाच नव्हता. तो दीपकच्या पायाबद्दल बोलला होता. तीन आठवडे सगळा देश एक गोष्ट विचारत होता, लहानू तिचं खणखणीत उत्तर देत होता, आणि त्या खणखणाटात दुसरी गोष्ट कुणी विचारतच नव्हतं, याचं त्याला बरं वाटत होतं. हे आत्ता, खंबाळ्याच्या वळणावर, त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं स्कूटर बाजूला घेतली. एका आंब्याखाली उभी केली. इंजिन बंद केलं तसं सगळं फार शांत झालं.

दुसऱ्या सामन्यात दीपकचा गुडघा दुखावला होता. रात्रीतून तो बेलफळासारखा टणक आणि गोल झाला. डॉक्टरांनी पट्टी बांधली, काळजी घ्या म्हणाले. तिसऱ्या सामन्याच्या मध्यंतरात लहानू दीपकपुढे उकिडवा बसला आणि विचारलं, "कसंय?" दीपक म्हणाला, "चालेल, सर." बस, एवढंच. बर्फाच्या पिशवीतलं पाणी फरशीवर गळत होतं. लहानूला कळलं होतं की हे खोटं आहे. त्याला ते इतर कुणाहीपेक्षा जास्त कळायला हवं होतं, कारण अठ्ठावीस वर्षांपूर्वी तेच खोटं तो स्वतः बोलला होता. मखमलाबादच्या माळ्याचा पोर तो. बाप देवळालीच्या लष्करी मेसला भाजी पुरवायचा, लहानू बैलगाडीवर कोबीच्या ढिगावर बसून जायचा, आणि जवानांचा खेळ बघता बघता एकदा गाडीतून सुटलेला कोबीचा गड्डा त्यानं जमिनीला टेकू न देता पायावर झेलला. एक हवालदार खदाखदा हसला आणि म्हणाला, उद्यापासून खेळायला ये. बाप कोबी पुसून परत गाडीत टाकत होता. तिथून राज्याच्या संघापर्यंत. राज्याच्या संघात चोविसाव्या वर्षी गुडघा फिरला, प्रशिक्षकानं विचारलं, विधाते, चालेल ना, आणि तो म्हणाला चालेल, सर. दोन वर्षांत खेळणं संपलं. आजही पावसाळी हवेत जिना उतरताना कठडा धरावा लागतो. त्याबद्दल त्यानं कधी कुणाला दोष दिला नाही. उलट शिबिरांमध्ये तो पोरांना ही गोष्ट अभिमानानं सांगायचा, की आमच्या वेळी आम्ही चालेल म्हणायचो. दीपकनं ती गोष्ट दहा वेळा तरी ऐकली असेल. आणि मध्यंतरात ते दोन शब्द त्याच्या तोंडून आले तेव्हा लहानूला वाईट वाटलं नव्हतं. आंब्याखाली उभ्या उभ्या त्याला आठवलं की त्याला काय वाटलं होतं. त्याला कौतुक वाटलं होतं.

तिसरा बदल एकच होता. दीपकला बाहेर काढता आलं असतं, किंवा राजला आत घालता आलं असतं. दोन्ही नाही. म्हणजे ज्या निर्णयाचा त्याला अभिमान होता आणि ज्या निर्णयाची त्याला लाज वाटायला हवी होती, ते दोन निर्णय नव्हतेच, एकच होता. तो कापून अर्धा ठेवता येत नव्हता. लहानूनं बराच वेळ तसा प्रयत्न करून पाहिला. मग स्कूटर चालू केली.

रणदिवे पूजा सांगणाऱ्या गुरुजींच्या घराच्या ओट्यावर बसले होते. मुंबईत सुटाबुटाशिवाय न दिसणारा माणूस इथे पांढऱ्या कोऱ्या धोतरात, उघडा, छातीवरचे केस पिकलेले. "या विधाते. पण लांबच बसा हं, मला सुतक आहे."

"कोण गेलं?" लहानू दचकला.

"कुणी नाही. विधीचं सुतक. नारायण नागबळी करतोय. पिठाचा नाग केला, त्याला अग्नी दिला. आता आजचा दिवस कुणाला शिवायचं नाही." ते थोडं ओशाळून हसले. "मुलगा चार वर्षं अंथरुणावर आहे माझा. सगळे डॉक्टर झाले. कुणी म्हणालं कुठल्या तरी जन्मात नाग मारला असेल, कुणी म्हणालं पितर. माझा विश्वास आहे असं नाही. पण करायचं काय?"

हा माणूस राजीनामाच मागणार असा राग धरून लहानू अठ्ठावीस किलोमीटर आला होता आणि आता तो राग कुठे ठेवावा ते सुचत नव्हतं. रणदिव्यांनीच विषय काढला. "तुमची चढाई मला आवडली, खरं सांगतो. पण कमिटीत अकरा जण आहेत, त्यातले सात म्हणतायत जावा. मी त्यांच्याशी बोललोय. त्यांना हरण्याचं कारण पाहिजे आहे, माणूस काढायलाच पाहिजे असं नाही. तुम्ही एक निवेदन द्या, मी आठ मतं तुमच्या बाजूनं आणतो. दोन वर्षं कुणी हात लावणार नाही." त्यांनी ओट्याच्या कडेकडे बोट दाखवलं. तिथे दगडाखाली एक टाइप केलेला कागद फडफडत होता. "तो उचला. मला तुमच्या हातात देता येत नाही."

कागदावर पाचच ओळी होत्या. सदर खेळाडूने गुडघ्याची दुखापत प्रशिक्षकांपासून लपवून ठेवली. खरी परिस्थिती समजली असती तर त्यास खेळवले नसते.

"ह्यानं दीपकचं काय होईल?"

"वर्षभर बाहेर बसेल. फार तर दोन. पोरगा आहे हो, लोक विसरतात." रणदिवे हे बोलले आणि कुठेतरी दुसरीकडे बघू लागले. आतून भांड्यांचा आवाज येत होता. कुणीतरी रणदिव्यांचं नाव घेऊन हाक मारली. ते उठले नाहीत. "आणि त्यानं लपवलीच होती की, विधाते. तुम्हाला चालेल म्हणाला ना? सगळ्यांनी ऐकलंय."

"पेन आहे?"

रणदिव्यांचा चेहरा सैल झाला. आतून एक बाई पेन घेऊन आली. लहानूनं कागद मांडीवर उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं: दुखापत मला माहीत होती. तो खोटं बोलतोय हेही माहीत होतं. तिसरा बदल त्याच्या जागी करायला हवा होता, तो मी केला नाही. खाली सही, तारीख. कागद दगडाखाली परत ठेवला. रणदिव्यांनी वाकून लांबूनच वाचला.

"म्हणजे राजीनामा देताय."

"नाही. राजीनामा देणार नाही."

"अहो, मग हे काय आहे? हे वाचल्यावर अकराच्या अकरा विरुद्ध जातील."

"जाऊ द्यात. काढायचं तर काढा मला. पण ह्यासाठी काढा. चढाईसाठी काढायचं नाही. ती मी परत करीन."

"विधाते, जागा राहतीय तुमची. नीट राहतीय. हट्ट कशाचा आहे एवढा?" हे त्यांनी चिडून नाही, खरोखर न कळून विचारलं. लहानूला एवढंच कळत होतं की सकाळपासून अवघडलेली मान आता दुखत नाही. "तुमच्या मुलाला बरं वाटो," तो म्हणाला, आणि तेही त्याच्या मनापासून आलं. नमस्कार करायला त्यानं लांबूनच हात जोडले.

परत येताना तो सातपूरहून घराकडे वळला नाही, अंबडला गेला. पहिली पाळी सुटली होती, सायकलींचा लोंढा त्याच्या समोरून येत होता, आणि त्यातल्या काहींनी त्याला ओळखलं. एकानं "राहा हो, सर" म्हटलं, एकानं काहीतरी घाण. दीपकच्या घराच्या दारात त्याची आई, अंबूबाई, लसूण सोलत बसली होती. ती उठली नाही. या म्हणाली नाही. लहानू चपला काढून आत गेला. दीपक खाटेवर होता, पाय समोरच्या स्टुलावर सरळ. तीन आठवड्यांत त्याची मांडी बारीक झाली होती, हे लहानूला आधी दिसलं, चेहरा नंतर.

"पेपरवाले आलेत का बरोबर?" दीपक म्हणाला.

"नाही." लहानूनं त्र्यंबकला काय झालं ते सांगितलं, काही न गाळता. कागदावर आधी काय होतं, मागे आपण काय लिहिलं. दीपक ऐकत होता आणि त्याचे कान लाल होत होते.

"मला न विचारता लिहिलं? सर, मी म्हणालो होतो ना चालेल. मी काय बारका आहे का? माझा पाय, माझा निर्णय. आता सगळे म्हणणार, पोराला कळत नव्हतं."

"तू खोटं बोललास."

"तुम्हाला कळलं होतं?"

"हो."

"मध्यंतरातच?"

"हो."

बाहेर लसूण सोलायचा आवाज थांबला होता. मग दीपक अगदी हळू म्हणाला, "मग काढलं का नाही मला?"

या प्रश्नाची लहानूकडे पाच-सहा उत्तरं होती. तुझ्यासारखा दुसरा नव्हता. राजला आत घालणं गरजेचं होतं. आमच्या वेळी आम्ही. ती सगळी ओळीनं त्याच्या तोंडापर्यंत आली आणि एकेक करून मागे गेली. "मला जिंकायचं होतं," तो म्हणाला.

अंबूबाई दारात उभी राहिली होती, ओच्यात लसणाची सालं. "जिंकायचं व्हतं," ती म्हणाली. "म्हून माझं पोरगं वापरलं व्हय? तुमच्या जिवावर सोडलं व्हतं त्याला. चौदा वर्साचा व्हता तवापासून. डाक्टर म्हणतो, आता पळता येईल का नाय ते बी ठाव नाय."

"चुकलं माझं, ताई," लहानू म्हणाला. तिला ते पुरलं नाही, हे दिसत होतं, आणि ते पुरायला नको होतं हेही त्याला कळत होतं. तो उठला. चपला शोधायला वाकला तेव्हा दीपकनं मागून विचारलं, "सर, आणि राजला आत घातलं ते?"

लहानू वाकलेलाच राहिला क्षणभर. इथे, या घरात, या बाईसमोर, ते बोलावं का? "ते बरोबर होतं," तो म्हणाला.

"बरोबरच होतं," दीपक म्हणाला. तो पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ बघत होता. "मागून मला सगळं दिसत होतं. तो त्यांचा डाव्या बाजूचा पार संपला होता. मीच ओरडणार होतो, राजला घाला म्हणून." अंबूबाईनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं, ही माणसं कुठल्या जातीची आहेत असं, आणि ती आत निघून गेली. थोड्या वेळानं तिनं चहा आणून ठेवला.

कमिटीची बैठक झाली. लहानूला बोलावलं नाही. एप्रिलच्या शेवटी पत्र आलं, की वैयक्तिक कारणास्तव आपण दिलेला राजीनामा स्वीकारण्यात येत असून आपणास पुढील वाटचालीस शुभेच्छा. सुवर्णानं ते मोठ्यानं वाचलं, मग चष्मा काढून विचारलं, "तुम्ही दिला होता?"

"नाही."

"मग?"

"ह्यांना माझी कीव आलीय." तो त्याच दिवशी पोस्टात गेला आणि पत्र रजिस्टरनं परत पाठवलं, सोबत एक ओळ: मी राजीनामा दिलेला नाही, मला काढले असल्यास तसे आणि का ते लिहावे. दोन आठवड्यांनी तेच पत्र नव्या तारखेनं आलं. त्यानं तेही परत पाठवलं. रणदिव्यांचा फोन आला. ते म्हणाले, तुमचा मान राखायला केलंय हो हे सगळं, आणि त्या पोराचं नावही कुठं आणलं नाही, आता गप्प बसा. लहानू म्हणाला, नाव आणलं नाही म्हणजे लोक अजूनही त्यालाच धरून बसलेत. सुवर्णा रात्रीच्या भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "जागा तर गेलीच ना. कागदावर काय लिहिलंय त्यानं काय फरक पडतो?" तो म्हणाला, पडतो. ती म्हणाली, "शाळेत मला विचारतात, तुमच्या साहेबांचं काय झालं? मी काय सांगू?" आणि मग त्याच्या तोंडाकडे बघून तिनंच पुढची ओळ एका कागदावर लिहून दिली, कारण तिचं अक्षर चांगलं होतं. तिच्या अक्षरातला तो कागद तिसऱ्या वेळी रजिस्टर केला तेव्हा पोस्टातला कारकून हसला. पण वजन नीट केलं त्यानं.

जून लागला. नवा प्रशिक्षक नेमल्याची बातमी आतल्या पानावर आली. वाचकांची पत्रं थांबली, देशाला दुसरं काहीतरी मिळालं. आणि एका सकाळी पोस्टमननं पाकीट दिलं. ते लहानूनं फाटकातच, उभ्या उभ्या फोडलं. जखमी खेळाडूस जाणीवपूर्वक मैदानावर ठेवल्याच्या कारणावरून प्रशिक्षक श्री. विधाते यांना पदावरून दूर करण्यात येत आहे. त्यानं ते दोनदा वाचलं. जावक क्रमांक होता, शिक्का होता, खाली रणदिव्यांची सही. चढाईचा उल्लेख कुठेही नव्हता.

"काय आलंय?" सुवर्णानं आतून विचारलं.

"काढलं मला." आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. वरच्या मजल्यावर राहणारे खंडेराव दात घासत गॅलरीत आले आणि काय झालं म्हणून वाकून बघू लागले. लहानूनं कागद हातभर वर धरला, त्यांना वाचता येणार नाही हे माहीत असूनही.

"खंडेराव, काढलं मला," तो म्हणाला. "राजीनामा नाही हं. काढलं."